वाचकांचे प्रश्न : तिसऱ्यांच्या चिखलात कांदळ लावायचे का?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रं एकाच विषयाची निघाली: खाडी, किनारा आणि तिथली झाडं. सिंधुदुर्गात एकतीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं, त्यातला निम्मा काळ पोरांना घेऊन गुडघाभर चिखलात गेला. म्हणून संपादकांनी तिन्ही पत्रं माझ्याकडेच पाठवली.

पत्र पहिलं

*बाई, नमस्कार. मी मालवण तालुक्यातल्या एका खाडीकाठच्या वाडीत राहते. आमचा बारा बायकांचा बचत गट आहे. त्यातल्या सातजणी सुकतीला, म्हणजे ओहोटीला, तिसऱ्या (शिंपल्या) आणि कालवं काढायला खाडीत उतरतात. एका कंपनीच्या वतीने एक संस्था गावात आली आहे. आमच्या वाडीसमोरच्या मोकळ्या चिखलात त्यांना पाच हजार कांदळ लावायचे आहेत. रोपं त्यांची, मजुरी त्यांची. सरपंच तयार आहेत. गटातल्या तरण्या बायका म्हणतात, मजुरी मिळते तर लावूया. म्हाताऱ्या म्हणतात, तिथे कधी झाड आलंच नाही, आणि लावलंत तर तिसऱ्या कुठे काढणार? खाडीच्या आतल्या अंगाला मात्र जुनं कांदळवन वाळत आणि तुटत चाललंय, त्याबद्दल कोणी बोलत नाही. आम्ही काय करावं? आणि गावाला यात घ्यायचं तरी कसं?*

ताई, तुमच्या म्हाताऱ्या बरोबर सांगताहेत. त्यांचं म्हणणं कागदावर उतरवून घ्या, कारण ते पुढे कामाला येणार आहे.

कांदळाला खारं पाणी चालतं, पण सतत पाण्याखाली राहणं चालत नाही. चिखलात मुळांना हवा मिळत नाही, म्हणून ही झाडं मुळं वर काढतात. कांदळवनात चिप्पी, तिवर, कांदळ अशी निरनिराळी झाडं असतात. चिप्पीची मुळं जाड शंकूसारखी वर येतात, तिवराची पेन्सिलीएवढी, आणि कांदळ तर खोडातूनच कमानी टाकतो. ओहोटीला ही मुळं उघडी पडली पाहिजेत. एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत साधारण साडेबारा तास जातात. त्यातले निम्म्याहून जास्त तास जी जागा पाण्याखाली असते, तिथे रोप गुदमरतं. तुम्ही हे घरच्या घड्याळावर तपासू शकता. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण सोडून एखाद्या साध्या दिवशी त्या चिखलात काठी रोवा आणि एका सुकतीला तिचं बूड किती वेळ उघडं राहतं ते लिहून ठेवा. सहा तासांहून बरंच कमी भरलं, तर तिथे कांदळाचं काही खरं नाही. तो चिखल तिसऱ्यांचा आहे, सुकतीला उतरणाऱ्या पक्ष्यांचा आहे आणि तुमच्या सातजणींचा आहे.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. वीसेक वर्षांपूर्वी मी स्वतः साठ मुलांना घेऊन अशाच एका मोकळ्या चिखलात रोपं लावली होती. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. गणपतीच्या सुट्टीत पुन्हा गेले तेव्हा अर्धी रोपं उपटून काठाला लागली होती. जी उभी होती त्यांच्या देठांना खडपावर चिकटतात तसे कडक शिंपल्यांचे पुंजके बसले होते आणि त्या वजनाने ती वाकली होती. तिथे एक आजी कालवं फोडत बसल्या होत्या. म्हणाल्या, ‘‘बाईंनू, आधी इचारला आसतास तर सांगलंय आसतंय.’’ त्यांचं घर तिथून पन्नास पावलांवर होतं. तिथवर जाऊन विचारावं असं साठ मुलांच्या बाईंना सुचलं नव्हतं, याचं मला आजही वाईट वाटतं.

ही चूक आपल्या एकट्यांची नाही. श्रीलंकेत २००४च्या त्सुनामीनंतर कांदळ लावण्याची लाटच आली होती. पुढे तिथल्या अभ्यासकांनी लागवडीच्या २३ जागा पाहिल्या, तर ९ जागांवर एकही रोप जिवंत नव्हतं. चुकीच्या उंचीवर, चुकीच्या जातीची रोपं लावली की असं होतं. कांदळाची शेंग हाताला लागते, टिकते आणि नुसती रोवली तरी उभी राहते, म्हणून जिथेतिथे कांदळच लावतात. मग ती जागा तिवराची असो की चिप्पीची.

आता त्या जुन्या वनाकडे या, कारण तुमच्या पत्रातला खरा प्रश्न तिथेच आहे.

वाळतंय म्हणता, तर आधी पाणी बघा. आतल्या बाजूला रस्ता झालाय का? रस्त्याखालची मोरी गाळाने बुजली आहे का? कुणी भराव टाकलाय का? उधाणाची भरती झाडांपर्यंत पोचत नसेल, किंवा आत आलेलं पाणी बाहेर पडत नसेल, तर झाडं उभ्या उभ्या वाळतात. अशा वेळी एक मोरी मोकळी करणं पाच हजार रोपांपेक्षा जास्त काम करतं. पाण्याची वाट मोकळी झाली की बी खाडीच आणून देते. कांदळाचं बी तुम्ही पाहिलंच असेल. ते झाडावर असतानाच रुजतं आणि पडवळाच्या कोवळ्या फळासारखी लांब हिरवी शेंग खाली लोंबते. पडली तर चिखलात उभी रुतते, नाहीतर भरतीबरोबर तरंगत जाऊन दुसरीकडे मूळ धरते. पावसाळ्याच्या तोंडावर अशा शेंगा काठाला येऊन लागतात. जिथे त्या आपसूक अडकतात आणि दोन पानं काढतात, ती जागा लागवडीची. रोपं विरळ असतील तर हाताने दाट करा.

तुटतंय म्हणता, तर कोण तोडतं हे विचारण्याआधी का तोडतात ते विचारा. आमच्या खाडीत मी विचारत फिरले तेव्हा तीन कारणं निघाली. गॅसचा सिलिंडर परवडत नाही म्हणून सरपण, होड्यांना वाट हवी म्हणून फांद्या, आणि तिसरं जरा लाजत सांगितलेलं: ‘‘आता ह्या वनखात्याचा झाला, आमचा काय उरला?’’ हे तिसरं कारण सगळ्यात कठीण. आपलं राहिलं नाही असं वाटलं की माणूस राखायचं सोडून देतो.

म्हणून गावाला घ्यायचं कसं, याचं माझं उत्तर असं आहे. सभेपासून सुरुवात करू नका. सुकतीपासून करा. खाडीत रोज उतरणाऱ्या चार बायका, कुर्ल्या (खेकडे) धरणारा एक गडी, होडीवाला एक, आणि शाळेतली दोन पोरं एवढ्यांनी मिळून अख्खी खाडी चालून या. पोरांच्या हातात वही द्या. कुठे तिसऱ्या, कुठे कालवं, शेवटा माशाची आणि कोळंबीची पिल्लं कुठल्या मुळांत दिसतात, कुर्ल्यांची बिळं कुठे, कुठली जागा दहा वर्षांपूर्वी कशी होती, हे सगळं तुमच्याच नावांनी लिहा. खाडीच्या प्रत्येक वळणाला, खडपाला गावात नाव असतं. नकाशावर ती नावं नसतात. जैवविविधता कायदा २००२ सालचा आहे. त्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायला हवी. तुमच्या पंचायतीत ती वही कपाटात असेल. ती मागून घ्या, उघडून बघा आणि तुमचं लिखाण तिच्यात चढवायला लावा. संस्थेची माणसं पुढच्या वेळी आली की ही वही समोर ठेवता येते.

त्यानंतर ग्रामसभा. लोक एकत्र येत नाहीत असं मला कोणी सांगू नये. तुमच्याच तालुक्यात आचऱ्याची गावपळण असते. रामेश्वराचा कौल झाला की अख्खा गाव गुराढोरांसकट, कोंबड्यांसकट वेशीबाहेर जाऊन राहतो. एवढं जमतं त्या मुलखात खाडीबद्दल एक ठराव होणार नाही का? फक्त ठरावात बायकांचं म्हणणं बायकांच्या तोंडून यायला हवं. समित्यांच्या याद्यांत नाव घालून घरी सही मागायला येतात, तसं चालवून घेऊ नका. सभा सुकतीच्या वेळेला ठेवली तर तुमच्या सातजणी येणारच नाहीत, तेव्हा वेळ भरतीची धरा. ही गोष्ट बारीक वाटते, पण मी या एका कारणाने फसलेल्या सभा पाहिल्या आहेत.

मिळकतीचं म्हणाल, तर राज्यात २०१२ सालापासून वनविभागाचा स्वतंत्र कांदळवन कक्ष आहे आणि २०१५ साली कांदळवन प्रतिष्ठान स्थापन झालं. २०१७ साली कांदळवन संवर्धन आणि उपजीविकेची योजना आली. तिच्यात गावची सहव्यवस्थापन समिती असते आणि खेकडापालन, कालवपालन, पिंजऱ्यातला जिताडा, शोभेचे मासे, निसर्ग पर्यटन असे उद्योग गटांना दिले जातात. गटाला ९० टक्के अनुदान अशी ही योजना आखलेली आहे. अर्ज करण्याआधी चालू वर्षाचे नियम कक्षाच्या कार्यालयात विचारून घ्या. तुमच्यापासून फार लांब नाही, वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका पर्यटकांना होडीतून कांदळवन दाखवतात. मासे विकणाऱ्या घरांतल्या या बायका वल्हं मारता मारता चिप्पी कुठली, तिवर कुठलं ते सांगतात. गटाने एक दिवस काढून जाऊन या. तिवराचं पान चाटून बघा, म्हणजे त्या पाहुण्यांना काय दाखवतात ते कळेल. खालच्या अंगाला मिठाचे कण असतात, जिभेवर चरचरतात.

लांबचं एक उदाहरण देते, कारण मला ते फार आवडतं. केनियात गाझी नावाच्या कोळ्यांच्या गावी ‘मिकोको पमोजा’ म्हणून काम चालतं. स्वाहिलीत त्याचा अर्थ ‘कांदळ, सगळ्यांनी मिळून’ असा. २०१३ पासून गावकरी ११७ हेक्टर कांदळवन राखतात. त्या वनाने जो कार्बन धरून ठेवला त्याचे पैसे येतात. ते पाण्यावर खर्च करायचे की शाळेवर, हे गाव बसून ठरवतं. तिथे झाडं आधीपासून होती आणि लोकही होते. नवीन आलं ते एवढंच, की निर्णय गावाच्या हातात आला.

तेव्हा त्या संस्थेला नुसतं नाही म्हणू नका. त्यांच्या हेतूवर शंका घ्यायचं मला कारण दिसत नाही. पैसे आहेत, तर त्यांना दुसरं काम द्या. लेखी सांगा: मोरी मोकळी करायला मदत करा, आतल्या वनात विरळ जागी आमच्या हाताने लागवड होऊ द्या, आणि तीन वर्षं राखणीची मजुरी आमच्या गटाला द्या. पहिल्या दिवशीच्या मजुरीपेक्षा राखणीचे दिवस जास्त भरतात, हे तरण्या बायकांना हिशेब मांडून दाखवा. आणि वाडीसमोरचा चिखल सोडून द्या. हे मान्य करणारी संस्था असेल तर तिला चहा पाजा. नसेल तर ग्रामसभेचा ठराव पुढे करा.

आत शिरताना एक जपा. हुऱ्याची फांदी मोडली की पांढरा चीक उडतो. तो डोळ्यात गेला तर डोळा कायमचा जाऊ शकतो. पोरांना ते झाड आधी दाखवा.

पत्र दुसरं

*मी पेण भागातला खारेपाटातला शेतकरी. आमची भातशेती खाऱ्या पाण्याने गेली. बांध फुटला, खेटे घातले, दुरुस्ती झाली नाही. चार-पाच वर्षांत शेतात तिवर उभं राहिलं. आता तोडायचं म्हटलं तर गुन्हा. सातबारा माझा, जंगल सरकारचं. तुम्ही लोक ‘लोकसहभाग’ म्हणता. मी त्यात कुठे बसतो?*

काका, तुमच्या रागाला जागा आहे, आणि मी तो खोडायला बसलेले नाही.

कायदा काय आहे ते आधी स्पष्ट सांगते. १७ सप्टेंबर २०१८ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर कांदळवन तोडायला बंदी घातली. जमीन खाजगी असली तरी ती लागू आहे, आणि वनाभोवतीच्या पन्नास मीटर पट्ट्यालाही संरक्षण आहे. तेव्हा रात्री कुऱ्हाड लावून टाका, नाहीतर खोडाची साल गोल सोलून झाड वाळवा, असं सांगणारे भेटतील. त्यांचं ऐकू नका. केस तुमच्यावर होईल, सल्ला देणाऱ्यावर होणार नाही. आणि तो निकाल मला योग्य वाटतो. मुंबई-ठाण्याच्या खाड्यांत राडारोडा टाकून जे चाललं होतं, ते त्याशिवाय थांबलं नसतं.

पण भराव टाकणारा आणि बांध फुटून बुडालेला शेतकरी यांना एकाच मापाने मोजणं अन्यायाचं आहे. तुमच्या शेतात तिवर तुम्ही लावलं नाही. बांध वेळेत बांधला गेला नाही म्हणून ते आलं. त्याची भरपाई शासनाने द्यायला हवी असं माझं ठाम मत आहे, आणि ते मी इथे छापून मागते.

तुमच्या हातात काय आहे? ज्या शेतांत अजून तिवर आलेलं नाही ती वाचवणं. बांधाला खांड पडलं की पहिल्या उधाणाच्या आत कागद तयार पाहिजे: तारखेचे फोटो, तलाठ्याचा पंचनामा, ग्रामसभेचा ठराव, खारभूमी विभागाकडे अर्ज आणि त्याची पोच. नुसत्या खेट्यांची नोंद राहत नाही. आणि एकट्याने जाऊ नका. तुमच्याकडे पूर्वी जोळ असायचं. बांधाखाली ज्याची जेवढी शेती, त्याने त्या हिशेबाने माणसं पाठवायची आणि उघाडीची (पाणी सोडायच्या वाटेची) दारं, खांडी सगळ्यांनी मिळून राखायच्या. गोव्यात खाजन शेतीचे बांध आणि मानस (पाण्याची दारं) गावकारीने, म्हणजे गावच्या सामाईक संस्थेने, असेच राखले. बांध सरकारी झाले आणि ही रीत मोडली. मला वाटतं, खारेपाटात कांदळवनाचं आणि भाताचं भांडण इथून सुरू झालं. बांध सांभाळणारी माणसं असतील तर बांधाच्या बाहेर तिवर वाढतं, लाटेचा मार अंगावर घेतं आणि बांधाचं आयुष्य वाढवतं. आत भात, बाहेर तिवर अशी ही जुनी वाटणी. तुमच्या आजोबांनी बांधाबाहेरचं तिवर सरसकट तोडलं नसेल. घरात विचारून बघा.

जी शेतं आता वन झाली, त्यांचे मालक सहव्यवस्थापन समितीत आधी बसले पाहिजेत. जिताडा तुमच्या भागातलाच मासा, तळ्यात वाढवायची विद्या तुमच्याकडे पिढ्यांची आहे. कांदळवनाच्या योजनेत मत्स्यपालनाला पहिला हक्क ज्यांची जमीन गेली त्यांना, असा ठराव ग्रामसभेत करून घ्या आणि कांदळवन कक्षाला पाठवा. याने भात परत येणार नाही, हे मला कळतं. म्हणूनच भरपाईची मागणी सोडू नका.

पत्र तिसरं

*मॅडम, मी तुमचा जुना विद्यार्थी, आता पुण्यात असतो. दापोली तालुक्यात आमचं घर पुळणीला लागून आहे. आम्ही चार घरं मिळून किनारा स्वच्छ करतोय. जेसीबी लावून वेली आणि काटेरी गवत काढायचं आणि सुरूची रांग लावायची असं ठरतंय. चांगली रोपं कुठे मिळतील?*

अरे, जेसीबी आधी थांबव, मग पुढचं वाच.

ती वेल म्हणजे मर्यादवेल. आपट्यासारखं दुभंगलेलं पान, सकाळी जांभळं फूल. वर्गात मी तिचं पान हातात घेऊन विचारलं होतं, ‘‘सोनं घ्या, कुठल्या झाडाचं?’’ आणि सगळे आपटा म्हणून ओरडले होते, तूही. समुद्राने इथवरच यावं म्हणून तिचं नाव मर्यादवेल. ती वाळूवर पसरते, पेऱ्यापेऱ्याला मूळ सोडते आणि वाऱ्याने येणारी वाळू धरत जाते. तुझं काटेरी गवत म्हणजे रावणाच्या मिशा. तेही तेच काम करतं. या दोघांनी वर्षानुवर्षं धरलेल्या वाळूच्या उंचवट्यामागे तुमचं घर उभं आहे. जेसीबीचं एका दिवसाचं भाडं भरून तो उंचवटा सपाट कराल आणि पुढच्या पावसाळ्यात धूपप्रतिबंधक बंधारा मागायला जाल.

सुरू आपल्याकडचा नाही. त्याच्या सुयांचा थर खाली साचतो आणि त्यात दुसरं फारसं उगवत नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर मी श्रीवर्धन-दिवेआगरला गेले होते. सुरूची झाडं मुळांसकट आडवी पडली होती. पुढे पुळणीवर, जिथे वेल शिल्लक होती तिथे, ती वाळूतून पुन्हा डोकं काढत होती. झाडंच हवीत तर मागच्या बाजूला, तुमच्या हद्दीत, उंडी लाव, करंज लाव, केवडा लाव. भरतीरेषेजवळची जमीन बहुधा तुमची नसते आणि तिथे किनारपट्टी नियमनाचे नियम आहेत, तेव्हा काहीही करण्याआधी ग्रामपंचायतीत जा.

आणि चार घरं मिळून ठरवताय, त्या चारही घरांना पुण्या-मुंबईचे पत्ते आहेत असं पत्रावरून दिसतं. गावात बारा महिने राहणाऱ्यांना विचारलंत का? शेजारच्या मंडणगड तालुक्यात वेळासच्या गावकऱ्यांनी कासवांची घरटी राखली, पाहुण्यांना स्वतःच्या घरात उतरवलं आणि किनारा सांभाळला. तुझ्या गावातही होड्या कुठे ओढतात, जाळी कुठे वाळवतात, कासव कुठे चढतं हे सांगणारा कोणीतरी आहे. त्याला घेऊन पुळणीवर जा. प्लास्टिक हाताने वेचा. येण्याजाण्याची वाट एकच ठरवून दोन्ही बाजूंना काथ्याची दोरी बांधा, म्हणजे वेल तुडवली जाणार नाही. जिथे वेल तुटली आहे तिथे पावसाळ्याच्या सुरुवातीला तिचेच हातभर तुकडे, दोन-तीन पेरी वाळूत जातील असे, आडवे पुरा. दसऱ्याला घरी जाशील तेव्हा फोटो पाठव.